एकसष्ट नंबरच्या पेट्या

त्याला सगळे पेटीमास्तर म्हणत. नवीन माणसाला वाटायचं, हा गाणं-बजावणं शिकवणारा असेल. बँकेतल्या एका बाईने तर आपल्या मुलीला शिकवाल का म्हणून विचारलंही होतं. "शिकवीन की," तो म्हणाला, "पण माझ्या पेटीतून सूर नाही निघत, दगड निघतात."

खरोखर दगडच निघत. खाण कंपनीच्या आवारात पत्र्याची एक लांबलचक शेड होती आणि तिचा कारभार त्याच्याकडे होता. ड्रिलरने तीनशे-चारशे मीटर खोल बोअर मारायची, आतून मनगटाएवढ्या जाडीचा दगडी दांडका तुकड्यातुकड्यांनी वर काढायचा, आणि ते तुकडे ज्या क्रमाने वर आले त्याच क्रमाने लांबट पेटीच्या खाचांत मांडायचे. ओळ संपली की लाकडाचा एक ठोकळा ठेवायचा आणि त्यावर खोली लिहायची. एका तुकड्याची जरी उलटापालट झाली तरी ती पेटी वाया. शेडमध्ये अशा नऊ हजार पेट्या होत्या, आणि कुठली कुठे आहे हे मास्तरला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

त्या खडकात युरेनियम होतं. दिसायला काही नाही. राखाडी दगड, मधूनच एखादी काळी रेघ. पण मोजणीचं यंत्र जवळ धरलं की ते टिकटिकायचं. एकसष्ट नंबरच्या बोअरला तीनशे बारा मीटरवर ते नुसतं टिकटिकलं नाही, एकसारखं करकरत राहिलं. त्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना चहा दिला. मशीनवर होता मास्तरचा धाकटा भाऊ. दिवसभर शीळ घालत होता. ठोकळ्यांवरचं अक्षर त्याचंच, आणि अक्षर म्हणजे आनंदच होता. त्याचा एक आणि नऊ ओळखू येत नसे. "अरे, एकशेएक मीटर की एकशेनऊ?" म्हणून मास्तर त्याच्यावर खेकसायचा. धाकटा म्हणायचा, "दादा, दगडाला माहीत आहे तो किती खोल होता."

तीन आठवड्यांनी, चौसष्ट नंबरच्या बोअरवर, मशीनचा दोर तुटला आणि वरचा नळ धाकट्याच्या डोक्यात पडला. तो जागच्या जागी गेला.

त्यानंतर दोन वर्षांनी खाण सुरू होणार होती. कागद तयार होते, आखणी झाली होती. एका दुपारी कँटीनमधल्या टीव्हीवर ऊर्जामंत्री आले आणि म्हणाले, देशात यापुढे एकही नवीन अणुवीज केंद्र होणार नाही, आणि जी आहेत ती एकेक करून बंद होतील. जेवणारे जेवतच राहिले. कुणीतरी विचारलं, "म्हणजे आपलं काय?"

ड्रिलिंगचा फोरमन भाकरीसारखं सपाट तोंड करून बसला होता. तो म्हणाला, "चूलच मोडायची ठरलंय, तर सरपण कोण विकत घेणार?"

चार महिन्यांत आवार ओस पडलं. साहेब परदेशी गेले. फोरमन पाण्यासाठी बोअर मारायच्या धंद्यात शिरला. एकट्या मास्तरला ठेवून घेतलं, अर्ध्या पगारावर, कारण एवढे नमुने पुन्हा काढायचे म्हटलं तर दहा वर्षं लागली असती. न जाणो, सरकारचं मन बदललं तर? तो रोज नऊ वाजता कुलूप उघडायचा, पाच वाजता लावायचा. गळणाऱ्या पत्र्याला डांबर लावायचा, वाळवी लागलेल्या पेट्या बदलायचा. फिकट झालेले आकडे पुन्हा गिरवायचा. धाकट्याचे मात्र गिरवत नसे.

अशी नऊ वर्षं गेली. दर निवडणुकीला कंपनीचं पत्र येई: आशा आहे, नीट सांभाळा. निवडणूक झाली की पुढचं पत्र येत नसे. शेवटी सरकारने युरेनियम शोधायलाच बंदी करणारा कायदा केला आणि दोन ओळींचा हुकूम आला. सगळे नमुने सहा आठवड्यांत जुन्या चाचणी विहिरीत टाकावेत, वर काँक्रीट ओतावं, फोटो पाठवावेत.

फोरमन आपली गाडी घेऊन मदतीला आला. दोघांनी आणि चार मजुरांनी मिळून नऊ हजार पेट्या ऐंशी मीटर खोल विहिरीत रिकाम्या केल्या. पहिल्या दिवशी दगड पडल्याचा आवाज उशिरा यायचा, शेवटी शेवटी लगेच यायला लागला.

"मास्तर, बोल काहीतरी," फोरमन म्हणाला.

"काय बोलू? सव्वीस वर्षं क्रम लावला. आता एका भोकातनं काढलेला माल दुसऱ्या भोकात."

एकसष्ट नंबरच्या एकूण ब्याऐंशी पेट्या होत्या. शेवटच्या दिवशी मजूर गेल्यावर त्यातल्या चौदा त्याने बाजूला काढल्या. फोरमनच्या गाडीत एका खेपेत तेवढ्याच बसत होत्या. नेमक्या त्याच चौदा का, हे त्याला विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. धाकटा शीळ घालत होता त्या दिवसाच्या होत्या म्हणून, की सगळ्यात मोलाच्या होत्या म्हणून? फोरमनने काही विचारलं नाही. पेट्या उचलू लागला.

घराच्या मागच्या बाजूला अडगळीची लांब खोली होती. मास्तर अडाणी नव्हता. असा दगड बंद खोलीत ठेवला तर वाईट वायू साठतो हे त्याला ठाऊक होतं. त्याने खिडकीची काच काढून जाळी बसवली, दारात खालून फट ठेवली, पेट्या घरापासून सगळ्यात लांबच्या भिंतीला लावल्या आणि कुलूप घातलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजींचं अक्षर आहे म्हणता, तर राहू दे." मुलाला सांगितलं नाही. मुलगा ट्रकच्या डेपोत कामाला होता, त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि नवरा-बायकोची झोपायची खोली त्या अडगळीला लागून होती. मधे फक्त एक भिंत.

वर्ष उलटलं नाही तोच देशात विजेची टंचाई सुरू झाली. बाहेरून येणारा गॅस थांबला, कारखाने आठवड्यातून तीन दिवस बंद राहू लागले, लोक रस्त्यावर आले, सरकार पडलं. नव्या सरकारचा ऊर्जामंत्री टीव्हीवर आला. माणूस तोच, मधल्या काळात पक्ष तेवढा बदलला होता. अणुवीज हीच स्वच्छ वीज, तो म्हणाला, आणि इंधनासाठी आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे का बघायचं? शोधावरची बंदी उठली. आठ दिवसांत कंपनीचा फोन आला.

"आपले नमुने कुठल्या अवस्थेत आहेत?"

"तुमच्या पत्राप्रमाणे विहिरीत आहेत," मास्तर म्हणाला. "वर सहा फूट काँक्रीट आहे. फोटो पाठवले होते."

पलीकडून घरचा पत्ता विचारून फोन ठेवला गेला.

पुढच्या सोमवारी एक तरुण भूगर्भतज्ज्ञ बाई घरी आली. पायात बूट नवे कोरे, पण प्रश्न बरोबर विचारत होती. जुने अहवाल तिने वाचले होते, एकसष्ट नंबर तिला पाठ होता.

"काका, अहवालावर कुणी विश्वास ठेवत नाही. दगड दाखवा म्हणतात. एक पेटी जरी मिळाली असती ना, तरी पुढच्या महिन्यात काम सुरू करता आलं असतं. आता सगळं पहिल्यापासून."

मास्तरच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको. पण कुणी तरी येऊन आपल्याकडे नेमकी एखादी पेटी मागावी, याचीच तर तो सव्वीस वर्षं वाट बघत होता.

"एक कशाला," तो म्हणाला. "चौदा आहेत."

त्याने कुलूप उघडलं. बाई पेट्यांपुढे उकिडवी बसली, खिशातलं भिंग काढून काळी रेघ बघू लागली. तिचा चेहरा उजळला. "दोनशे नव्वद ते तीनशे साठ! काका, एक तुकडाही हललेला नाही!" मग ती उठून दारात आली, तिने खोलीकडे, भिंतीकडे, भिंतीपलीकडच्या पडद्याच्या खिडकीकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. "हे तुमच्या घरात आहे?"

"मी जुन्या यंत्राने मोजत असतो सगळं."

"मला कळवावं लागेल," ती म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण तिने कळवलं.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. गुरुवारी दोन सरकारी गाड्या आल्या. अंगभर पांढरे झगे आणि तोंडाला मुखवटे लावलेली माणसं उतरली, फाटकाला पिवळी पट्टी बांधली. शेजारपाजारचे आपापल्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. नेमकी तेव्हाच सून कामावरून परतली. ती दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवस गेल्यापासून तिने ते काम सोडून टेबलावरचं घेतलं होतं; आता सातवा महिना होता. फाटकाशी मुखवटावाल्याने तिला अडवलं आणि तिच्या पोटाकडे बघून विचारलं, "तुम्ही इथेच राहता?"

रात्रीचं जेवण कुणी केलं नाही. चौघं स्वयंपाकघरात बसली होती.

"बाबा, किती दिवस होतं ते?" मुलाने विचारलं.

"दीड वर्ष. पण तुमच्या बाजूला काही येत नव्हतं. दर महिन्याला मोजायचो. तुमच्या पलंगाच्या उशाशी रस्त्यावर येतं तेवढंच यायचं. एका आकड्याचाही फरक नाही."

सुनेने मान वर केली. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही कामावर गेलो की तुम्ही आमच्या खोलीत येऊन उशाशी यंत्र धरत होतात?"

"महिन्यातून पाच मिनिटं," मास्तर म्हणाला.

"मला आकडा कळतो, बाबा. रोजचं काम आहे माझं. तुम्ही सांगितलं असतं तर मीच मोजलं असतं, बघितलं असतं, कदाचित म्हणाले असते की राहू दे, काकांची आठवण आहे. तुम्ही मोजत होतात, म्हणजे तुमच्या मनात होतं. आणि सांगितलं नाहीत."

"आईला माहीत होतं?" मुलाने विचारलं. आई खाली बघत राहिली. मुलगा उठला आणि कपाटावरची बॅग काढू लागला.

ती दोघं गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला गेली. मास्तरवर खटला भरला: परवान्याशिवाय किरणोत्सारी पदार्थ बाळगणे. कंपनीने वर आपली तक्रार जोडली, की मालाची विल्हेवाट लावण्याचा हुकूम मोडून त्याने तो परस्पर घरी नेला. माल मात्र कंपनीनेच ताब्यात घेतला, रखवालदारांच्या पहाऱ्यात. महिन्याभरात पेपरात पानभर बातमी आली. जगातल्या उत्तम साठ्यांपैकी एक, नमुन्यांची नव्याने तपासणी, शेअर दुप्पट. मास्तरचं नाव कुठे असणार? "सुरक्षितपणे जतन केलेले नमुने" एवढंच होतं. ते वाचून तो इतक्या मोठ्याने हसला की बायको घाबरून बाहेर आली.

त्याने कंपनीला अर्ज केला: दगड तुमचे, पण मधले लाकडी ठोकळे तेवढे परत द्यावेत, ते माझ्या भावाच्या हातचे आहेत. उत्तर येईना म्हणून तो स्वतः प्रयोगशाळेच्या दारात गेला. खिडकीपाशी ती तरुण बाई आली. दगड करवतीने उभे चिरून तपासणीला गेले होते.

"आणि ठोकळे?"

"काका, ते... खोली आम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. लाकूड दूषित धरतात. ते जाळून टाकतात." मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "उतरवताना आमची फार पंचाईत झाली. एक आणि नऊ कळतच नव्हते."

तो घरी आला.

पोटच्या लेकीचं बाळंतपण झाल्यासारखं बायको शेजारणींना सांगत होती: सुनेला मुलगी झाली, अगदी धडधाकट. बायको जाऊन बघून आली. मास्तरला निरोप आला नाही. मुलगा एका रविवारी येऊन मोबाईलवर फोटो दाखवून गेला. "नाक कुणासारखं आहे?" मास्तरने विचारलं. "अजून कळत नाही," मुलगा म्हणाला आणि मोबाईल खिशात ठेवला.

दरम्यान खाणीला घाई झाली होती. नवी वीज केंद्रं जाहीर झाली होती आणि त्यांना लागणारं इंधन परदेशातून येणार नव्हतं. जुन्या नियमांनी खाण सुरू करायची तर धुळीच्या, पाण्याच्या, कामगारांच्या मापांतच पाच वर्षं गेली असती. म्हणून सरकारने मापंच बदलली. किती तीव्रतेच्या दगडाला किरणोत्सारी म्हणायचं, ती मर्यादा एका अधिसूचनेने वर नेली. फोरमन पुन्हा कामावर रुजू झाला, त्रेसष्टाव्या वर्षी. एकसष्ट नंबरच्या शेजारीच, हाताच्या अंतरावर, नवी बोअर मारत होता. "तेच भोक दुसऱ्यांदा पाडतोय," तो मास्तरला म्हणाला, "आणि आता दुप्पट पगारावर. हसू की रडू?"

मास्तर खटल्याच्या सहाव्या तारखेला कोर्टात गेला तेव्हा कारकुनाने त्याला बाकावर बसूही दिलं नाही. "तुमचं प्रकरण निकालात निघालं. नव्या मर्यादेप्रमाणे तुमच्याकडे सापडलेला माल किरणोत्सारी या व्याख्येत बसत नाही. गुन्हाच होत नाही."

"म्हणजे तो आधीही नव्हता का?"

"आधी होता," कारकून म्हणाला. "आता नाही. सही करा."

कागदाची एक प्रत घेऊन तो घरी न जाता तडक बसने गावाच्या त्या टोकाला गेला. तीन मजले चढला. दार सुनेने उघडलं. तिने त्याला आत घेतलं, पाणी दिलं, पंखा लावला. बाळ आतल्या खोलीत होतं; त्याचे हूं-हूं आवाज ऐकू येत होते. मुलगाही घरीच होता. मास्तरने कागद टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला.

सुनेने तो शांतपणे, पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचला.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमच्या मागची कटकट गेली."

"तसं नाही. बघ, सरकारच म्हणतंय. ते धोक्याचं नव्हतंच."

"बाबा, दगड तोच आहे ना?"

"तोच."

"मग मागच्या वर्षी तो धोक्याचा होता, यंदा नाही. पुढच्या निवडणुकीनंतर कदाचित पुन्हा असेल. मी दर वेळी पेपर बघून ठरवू का, मुलीला तुमच्याकडे पाठवायचं की नाही ते?" तिचा आवाज चढला नव्हता. "सरकारशी माझं भांडणच नव्हतं. सरकार माझ्या घरात चोरून येत नव्हतं."

तिने कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. आत बाळ रडायला लागलं. ती उठून गेली आणि दार ओढून घेतलं. ओढलं होतं, लावलं नव्हतं. फटीतून पाळण्याची एक कड दिसत होती. मास्तर ग्लासातलं उरलेलं पाणी प्याला आणि उठला. बाळाला आणा असं कुणी म्हणालं नाही, त्यानेही मागितलं नाही.

मुलगा बसथांब्यापर्यंत सोडायला आला. दोघं थांब्याच्या लोखंडी बाकाशी उभे राहिले. एक बस भरलेली गेली.

"डेपो बंद करतायत," मुलगा एकदम म्हणाला. "दोन महिन्यांत."

"मग?"

"खाणीला ट्रकवाले हवेत. माल वाहायला. मी अर्ज केला होता. काल बोलावणं आलं."

मास्तरने त्याच्याकडे पाहिलं. मुलगा रस्त्याकडे बघत होता.

"पगार बरा देतात," मुलगा म्हणाला. "गणवेश तिथेच बदलायचा, अंघोळ करून घरी यायचं, असा नियम आहे म्हणे."

"आज आहे," मास्तर म्हणाला. "तिला सांगितलंस?"

"नाही अजून."

लांबून दुसरी बस येताना दिसली. मास्तरने खिशातून सुटे पैसे काढून मुठीत धरले.

"आज सांग," तो म्हणाला. "ती हो म्हणो, नाही म्हणो. आजच्या आज सांग."

मुलाने मान हलवली. ती हो होती की नुसतीच मान होती, हे कळायच्या आत बस येऊन थांबली आणि मागून लोकांनी ढकललं. मास्तर चढला. खिडकीशी जागा मिळाली, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. मुलगा अजून थांब्यावरच उभा होता, घराच्या दिशेने तोंड करून.